मोठ्या संख्येचे गुणधर्म घरबसल्या कसे काढायचे: दापोलीच्या पिनकोडपासून डोंबिवलीच्या सतरा अंकांपर्यंत

मोठी संख्या दिसली की लोक आधी ती केवढी आहे ते बघतात, आणि खरं सांगू का, गणिताच्या दृष्टीने तो सगळ्यात बिनकामाचा प्रश्न आहे. रत्नागिरीचा पिनकोड ४१५६१२ आणि दापोलीचा ४१५७१२. दोघांत फरक बरोब्बर १०० चा, आकाराने जवळजवळ जुळे म्हणा ना. पण दापोलीला २४ विभाजक आहेत आणि रत्नागिरीला फक्त ६. दापोलीचे तुकडे वहीवर पाच मिनिटांत पडतात, रत्नागिरीसाठी अख्खी संध्याकाळ जाऊ शकते. आणि या लेखाच्या शेवटी एक सतरा अंकी संख्या घेणार आहे, ती रत्नागिरीपेक्षा सोपी जाते. का, ते करता करता कळेलच.

पिनकोड घ्यायचं कारण एवढंच की तो सगळ्यांना पाठ असतो आणि सहा अंकी असल्याने हातात मावतो. (पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, त्यामागे टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर, म्हणजे आपलाच मराठी माणूस आणि वर संस्कृतचे पंडित.) पिनकोडला गणिती अर्थ काही नाही, पहिला ४ म्हणजे आपला पश्चिमेकडचा विभाग वगैरे, पण म्हणूनच तो चांगला नमुना आहे, कोणी मुद्दाम सोपी करून दिलेली संख्या नाहीये ती.

सामान काय लागेल: वही, पेन, साधा बारा आकडी कॅल्क्युलेटर, आणि १०० च्या आतल्या २५ मूळ संख्या लिहिलेला एक कागद. पावसाळ्यात लाईट गेली तरी चालतं, उलट तेव्हाच मुलं मोबाईल सोडून बसतात.

पायरी १: शेपटीकडून सुरू करा

संख्या कितीही लांब असो, २ आणि ५ चा हिशोब फक्त शेवटच्या अंकांत असतो. शेवटचा अंक सम असेल तर २ ने भाग जातो हे सगळ्यांना माहितीये, शेवटचे दोन अंक ४ साठी हेही शाळेत झालेलं असतं, पण पुढे लोक थांबतात. थांबू नका. शेवटचे तीन अंक ८ साठी, चार १६ साठी, पाच ३२ साठी, असं चालूच राहतं.

दापोली: ४१५७१२. शेवटचे १२, चारने जातो. ७१२ ला ८ ने भागलं तर ८९, जातो. ५७१२ भागिले १६ म्हणजे ३५७, जातो. १५७१२ भागिले ३२ म्हणजे ४९१, हाही जातो. ४९१ विषम आला म्हणून ६४ ला लगेच नाही म्हणू नका हं, कारण ६४ साठी सहा अंक बघायचे असतात, इथे म्हणजे अख्खी संख्याच. ती भागून बघितली तर ६४९५.५ येतं, म्हणजे नाही. तर २ चा घात ५, आणि ३२ ने भागून उरतं १२९९१. ही विषम आहे आणि शेवटी ५ पण नाही, म्हणजे या पायरीचं काम संपलं.

रत्नागिरीत ४ निघतो आणि उरतं १०३९०३. मालवणचा पिन ४१६६०६, त्यातून एकच २ निघतो आणि उरतं २०८३०३. ही दोन्ही बाजूला लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत.

पायरी २: बेरजा आणि वजाबाक्या

३ आणि ९ साठी अंकांची बेरीज, हे माहितीच आहे. दापोलीची बेरीज ४+१+५+७+१+२ = २०, म्हणजे ३ नाही. ११ साठी उजवीकडून एक अधिक एक उणे असं करायचं: २−१+७−५+१−४ = ०. शून्य आलं (किंवा ११ च्या पटीत काही आलं) की ११ ने भाग जातो. १२९९१ भागिले ११ = ११८१. झालं, दापोलीचं निम्मं काम इथेच आटोपलं.

आता या पायरीतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे संख्येचे उजवीकडून तीन-तीनचे गट पाडायचे आणि गटांना आळीपाळीने अधिक-उणे चिन्ह लावून बेरीज करायची, जे उत्तर येईल त्याला ७, ११, १३ ने भागून बघायचं, एका वजाबाकीत तिघांचा निकाल. दापोली: ७१२−४१५ = २९७. ७ ने भागलं तर बाकी ३, १३ ने भागलं तर बाकी ११, आणि ११ × २७ = २९७ बरोब्बर. मालवण: ६०६−४१६ = १९०, तिघांपैकी कोणीच जात नाही. शाळेत ७ ची जी कसोटी शिकवतात, शेवटचा अंक दुप्पट करून वजा करा आणि परत करा, ती चूक नाही पण मोठ्या संख्येवर हात मोडतो, त्यापेक्षा ही कितीतरी बरी.

आणि याची बहीण: २७ × ३७ = ९९९. तेच तीन-तीनचे गट, पण या वेळी नुसती बेरीज. बेरीज ९९९ पेक्षा मोठी आली तर परत गट पाडून बेरीज. दापोली: ७१२+४१५ = ११२७, परत १+१२७ = १२८. यात ३७ जात नाही. आत्ता उपयोग झाला नाही, पण सतरा अंकी संख्येत ही एकच कसोटी अर्धा किल्ला पाडते, तेव्हा लक्षात असू द्या.

पायरी ३: उरलेलं फोडणं

नारळ सोलताना वरचं सोडण भराभर निघतं आणि करवंटीशी आलं की खरी ताकद लागते, तसंच इथे आहे, छोटे अवयव निघाले की जे उरतं त्याच्याशी झटापट.

नियम सोपा आहे. उरलेल्या संख्येचं वर्गमूळ काढा, आणि तेवढ्यापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा. वर्गमूळापर्यंतच का, तर दोन अवयवांपैकी लहान असलेला वर्गमूळापेक्षा मोठा असूच शकत नाही, दोघेही मोठे असले तर गुणाकार संख्येच्या पुढे जाईल की.

दापोलीचं उरलं ११८१. वर्गमूळ साधारण ३४.४. म्हणजे ३१ पर्यंत जायचं. २, ३, ५ आधीच बाद. ७ ने बाकी ५, ११ ने ४, १३ ने ११, १७ ने ८, १९ ने ३, २३ ने ८, २९ ने २१, ३१ ने ३. कोणीही नाही. म्हणून ११८१ मूळ संख्या, आणि

४१५७१२ = २ × २ × २ × २ × २ × ११ × ११८१

मालवणचं २०८३०३. वर्गमूळ ४५६ च्या आसपास, म्हणजे बरंच लांब जायची तयारी ठेवायची, पण चिकाटीने भागत गेलात तर ६७ ला दार उघडतं: ६७ × ३१०९. मग ३१०९ चं वर्गमूळ ५६ च्या आतच आहे आणि तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तुम्ही आधीच करून बसलाय, २०८३०३ ला न जाणारी संख्या ३१०९ ला पण जाणार नाही, त्यामुळे ३१०९ मूळ आहे हे एकही नवीन भागाकार न करता कळतं. हे बघायला खूप लोक विसरतात आणि परत ७ पासून सुरू करतात.

४१६६०६ = २ × ६७ × ३१०९

आणि आता रत्नागिरी. १०३९०३, मालवणच्या उरलेल्याच्या जवळजवळ निम्मी. वर्गमूळ ३२२.३. तिथपर्यंत एकूण ६६ मूळ संख्या आहेत, आणि सगळ्या ६६ नाही म्हणतात, शेवटची ३१७, तिची बाकी २४४. मध्ये १९१ ला मजा आहे, १९१ × ५४४ = १०३९०४, एकाने हुकतं. थोडक्यात १०३९०३ स्वतःच मूळ आहे.

४१५६१२ = २ × २ × १०३९०३

त्रास कशाने झाला? आकाराने नाही. छोटा अवयव सापडला की संख्या एकदम खाली येते, आणि सापडलाच नाही तर शेवटपर्यंत जावं लागतं. सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे उरलेलं दोन साधारण सारख्याच मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार असणं. आपल्या फोनमधल्या बँकेच्या ॲपपासून सगळीकडे माहिती गुप्त ठेवायला जी आरएसए नावाची पद्धत वापरतात ती याच अडचणीवर उभी आहे. आरएसए-२५० नावाची अडीचशे अंकी संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये फोडली गेली, तीही कित्येक कॉम्प्युटर एकत्र जुंपून.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवा. संख्या मूळ आहे की नाही एवढंच विचारायचं असेल तर ते फोडण्यापेक्षा फार सोपं काम आहे. आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये त्यासाठी अशी पद्धत दिली की संख्येचे अंक वाढले तरी वेळ आवाक्यात राहतो, आणि निकाल अंदाजाने नाही, पक्का. फोडण्यासाठी मात्र साध्या कॉम्प्युटरवर वेळ असा आवाक्यात ठेवणारी पद्धत अजून कोणाकडे नाही.

पायरी ४: आता गुणधर्म आपोआप पडतात

तुकडे हातात आले की पुढचं जवळजवळ फुकट आहे. म्हणून मी म्हणतो की गुणधर्मांच्या मागे धावायचं नाही, आधी तुकडे.

विभाजक किती: प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणा. दापोली ५, १, १ म्हणजे ६ × २ × २ = २४. रत्नागिरी २, १ म्हणजे ३ × २ = ६. मालवण ८.

विभाजकांची बेरीज: प्रत्येक मूळ संख्येसाठी १ पासून तिच्या घातांपर्यंत बेरीज करा आणि त्या बेरजा गुणा. दापोली: २ साठी १+२+४+८+१६+३२ = ६३, ११ साठी १२, ११८१ साठी ११८२. गुणाकार ८९३५९२. यातून संख्या स्वतः वजा केली की ४७७८८०, जे ४१५७१२ पेक्षा जास्त. म्हणजे दापोलीचे स्वतःखेरीजचे विभाजक मिळून दापोलीच्या पुढे जातात, अशा संख्येला अबंडंट म्हणतात. रत्नागिरीचं तेच गणित ३११७१६, मालवणचं २१७८३४, दोघेही कमी पडतात. बरोबर समान आलं तर परिपूर्ण संख्या, ६ आणि २८ सारखी, पण पिनकोडात ती आशाच ठेवू नका, २८ नंतर ४९६, ८१२८ आणि मग थेट ३३५५०३३६, सहा अंकी एकही नाही.

१ पासून त्या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती, हे ऑयलरचं फाय. दापोलीसाठी १६ × १० × ११८० = १८८८०० (२ चा एक घात कमी करून १६, बाकीच्यांतून एकेक वजा). वर ज्या आरएसएचं बोललो ते याच फायवर चालतं.

पूर्ण वर्ग आहे का, हे तर तुकड्यांशिवाय पण कळतं बऱ्याचदा: वर्गाच्या शेवटी २, ३, ७, ८ कधीच येत नाही. दापोली २ ने संपते, विषय संपला. तुकडे असतील तर सगळे घातांक सम पाहिजेत.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, हा प्रश्न दिसायला अवघड पण उत्तर मस्त आहे. ४ ने भागल्यावर बाकी ३ देणाऱ्या मूळ संख्या (३, ७, ११, १९, २३...) तुकड्यांत असतील तर त्यांचे घातांक समच पाहिजेत, नाहीतर नाही. दापोलीत ११ एकदाच आहे, अडलं. एकटी ११८१ मात्र बाकी १ देणारी आहे आणि ३४ चा वर्ग ११५६ अधिक ५ चा वर्ग २५, बरोब्बर ११८१. मालवणला ६७ अडवते, रत्नागिरीला १०३९०३ अडवते.

बायनरी पाहिजे असेल तर दापोली ११००१०१०११११११०००००, एकोणीस अंकी, आणि शेवटची पाच शून्यं म्हणजे तो २ चा पाचवा घात, डोळ्यांनी दिसतो.

पायरी ५: अंकांचे खेळ, म्हणजे डहाणूचं खातं

आत्तापर्यंतचे गुणधर्म संख्येचे होते. ती दहाच्या पद्धतीत लिहा नाहीतर बायनरीत, विभाजक तेवढेच राहतात. दुसरा प्रकार म्हणजे संख्या आपण जशी लिहितो त्या अंकांचे गुणधर्म. मोठे गणिती याला जरा नाक मुरडतात, करमणूक म्हणतात, पण या विभागात जगभर ज्याचं नाव घेतात तो माणूस आपल्या किनाऱ्यावरचा आहे, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. आयुष्यभर देवळालीला शाळेत शिकवलं. कॉलेजात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं होतं, आणि परांजपे कुठले, तर दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले. मला करमणूक हा शब्द नावं ठेवल्यासारखा वाटतच नाही, पण दोन प्रकार एकमेकांत मिसळायचे नाहीत एवढं मात्र पाळा.

हर्षद संख्या: अंकांच्या बेरजेने संख्येला भाग गेला पाहिजे. दापोलीची बेरीज २०, आणि शेवटी शून्य नाही, म्हणजे नाहीच.

कापरेकर संख्या: वर्ग करायचा, दोन तुकडे करायचे, बेरीज वर्ग केलेल्या संख्येइतकीच आली पाहिजे. ४५ चा वर्ग २०२५, २०+२५ = ४५. आणि पायरी २ मध्ये दापोलीच्या वजाबाकीत २९७ आले होते ना, त्याचा वर्ग ८८२०९, ८८+२०९ = २९७. निव्वळ योगायोग, पण बघून बरं वाटलं.

६१७४: चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा, परत तेच करा. जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतं, हे कापरेकरांनी १९४९ मध्ये मांडलं. दापोलीचे शेवटचे चार घ्या: ७५२१−१२५७ = ६२६४, ६६४२−२४६६ = ४१७६, ७६४१−१४६७ = ६१७४. तीन वेळात पोचलं.

सहाच्या सहा अंक घेऊन केलं तर? इथे एकच मुक्काम नाही. दापोलीवरून ६४१७५४, मग ६२०८७४, मग ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२. सात संख्यांचं रिंगण, त्यात फिरत राहतं. सहा अंकांत थांबणारे मुक्काम दोन आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, बाकीच्या याच रिंगणात जातात (सहाही अंक सारखे असतील तर सरळ शून्य). मधलं शून्य पुढे आलं तर ते धरायचं, ०२४६७८ असं, नाहीतर सगळं फिसकटतं.

स्वयंभू संख्या: एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या येते. जी अशी कोणापासूनच येत नाही ती स्वयंभू. दापोली तपासायला सगळ्या संख्या बघायची गरज नाही. जनक असला तर तो जास्तीत जास्त ५४ ने मागे असणार (सहा नवांची बेरीज), आणि ९ ने भागल्यावर त्याची बाकी १ च पाहिजे, कारण संख्येची आणि तिच्या अंकांच्या बेरजेची ९ ने बाकी सारखीच असते, ती दुप्पट केल्यावर दापोलीची बाकी २ यायला हवी. म्हणजे ४१५७११, ४१५७०२, ४१५६९३, ४१५६८४, ४१५६७५, ४१५६६६ एवढेच उमेदवार. ४१५६८४ ची अंकांची बेरीज २८, मिळवा, ४१५७१२. सापडला. दापोली स्वयंभू नाही.

पायरी ६: सतरा अंकी

आता ही घ्या: १२३४५६७८९८७६५४३२१. कापरेकर या जातीच्या संख्यांना डेम्लो म्हणायचे, डेम्लो म्हणजे जीआयपी (आताच्या मध्य) रेल्वेवरच्या डोंबिवलीचं तेव्हाचं नाव, तिथे त्यांना या संख्या सुचल्या.

पहिलं सांगतो, मोबाईलवर भरवसा ठेवू नका. एक्सेल १५ अंकांच्या पुढे शून्य टाकतं, म्हणजे शेवटचे २१ गेले आणि ०० आलं. ब्राउझरमध्ये टाकलीत तर शेवटी २० दिसेल, कारण तिथे २ च्या ५३ व्या घातानंतर (९००७१९९२५४७४०९९२) विषम संख्या ठेवायला जागाच नसते, आणि आपली संख्या त्याच्या पुढची आहे. असल्या चुकलेल्या संख्येवर विभाजक काढत बसाल. पायथॉन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा वापरा, त्यात पूर्णांक कितीही लांब चालतो, किंवा वही.

शेपटी: १ ने संपते, २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ नक्की. तीन-तीनचे गट उजवीकडून: ३२१, ६५४, ९८७, ६७८, ३४५, १२. आळीपाळीने: ३२१−६५४+९८७−६७८+३४५−१२ = ३०९, त्यात ७, ११, १३ कोणी नाही. नुसती बेरीज: २९९७. आणि २९९७ म्हणजे ९९९ च्या तिप्पट! म्हणजे २७ पण जातो आणि ३७ पण, एका बेरजेत.

वर्ग आहे का? शेवटी १, चालतं. फोनवर वर्गमूळ दाबलं तर १११११११११ येतं, पण थांबा, शेवटी २० असलेली चुकीची संख्या टाकली तरी फोन हेच उत्तर देतो, म्हणून तो पुरावा नाही. पुरावा वहीवर: नऊ एक्कांना नऊ एक्क्यांनी गुणा, नऊ ओळी एकेक घर सरकलेल्या, आणि उभ्या बेरजा १, २, ३ करत ९ पर्यंत जाऊन परत उतरतात. हातचा कुठेच येत नाही. दहा एक्के घेतले की मध्ये १० येतो, हातचा येतो आणि नक्षी मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

म्हणजे आता फक्त १११११११११ फोडायची, नऊ अंकी. १११ × १००१००१. १११ = ३ × ३७. १००१००१ = ३ × ३३३६६७. राहिली ३३३६६७. वर्गमूळ ५७७.६, तिथपर्यंत १०६ मूळ संख्या. रत्नागिरीपेक्षा वाईट वाटतंय ना? पण ही संख्या नऊ एक्क्यांतून आली आहे, म्हणजे ती ९९९९९९९९९ ला भागते, म्हणजे १० चा नववा घात वजा १. तिचा जो कोणी मूळ अवयव असेल त्याच्या दृष्टीने १० चे घात नऊ पावलांनी पुन्हा १ वर येतात. त्याआधीच, एका किंवा तीन पावलांत, येत असतील तर तो अवयव ९ ला किंवा ९९९ ला भागणार, म्हणजे ३ किंवा ३७, आणि ते दोघे ३३३६६७ ला जात नाहीत (अंकांची बेरीज २८, आणि ३७ ने बाकी १). म्हणून बरोब्बर नऊ पावलं, आणि फर्माच्या छोट्या प्रमेयाने अवयवातून १ वजा केला की ९ ने भाग गेला पाहिजे. तो विषमही आहे, म्हणजे १८ ने. झालं, १०६ मधून उरतात १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सतरा. सगळ्या भागून बघा, एकही जात नाही, ५२३ जवळून जाते, ५२३ × ६३८ = ३३३६७४, सातने हुकली.

तर आपली संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग.

विभाजक ५ × ३ × ३ = ४५, विषम, पूर्ण वर्गाला नेहमी विषमच असतात. बेरजेत ती कमी पडते, अबंडंट नाही. हर्षद आहे, कारण अंकांची बेरीज ८१ म्हणजे ३ चा चौथा घात आणि तो तुकड्यांत बसलाय, भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. उलटसुलट सारखी तर दिसतेच आहे. आणि डावीकडचे आठ अंक १२३४५६७८ आणि उजवीकडचे नऊ ९८७६५४३२१ यांची बेरीज करा, ९९९९९९९९९ येते.

दोन वर्गांचं? ३ आणि ३३३६६७ या दोघांची ४ ने बाकी ३, पण दोघांचे घातांक सम, त्यामुळे अडवत नाहीत. वाट ३७ मधून आहे, ३७ चा वर्ग म्हणजे ३५ चा वर्ग अधिक १२ चा वर्ग. १११११११११ भागिले ३७ येतं ३००३००३, त्याने दोन्ही गुणले की

१०५१०५१०५ चा वर्ग + ३६०३६०३६ चा वर्ग = १२३४५६७८९८७६५४३२१

हे पायथागोरसचं त्रिकूट आहे, कर्ण नऊ एक्के.

ताळा कसा घ्यायचा तेही सांगतो, कारण एवढ्या लांब आकड्यांत एक अंक उलटा लिहिला की गेलं. ९ चा ताळा सगळे घेतात पण शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तर तो पकडत नाही, बेरीज तीच राहते. म्हणून ११ चा ताळा पण घ्या, तो पकडतो. आणि ३३३६६७ चा वर्ग १११३३३६६६८८९ हा बरोब्बर बारा अंकी आहे, दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर मावतो, तिथून सुरू करून उलटं गुणत आलात तर बरं पडतं.

हात बसवायला दोन देऊन ठेवतो. चिपळूण ४१५६०५, हा शेपटीपासूनच सुटायला लागतो आणि शेवटी १०३ आणि २६९ हातात येतात. खेड ४१५७०९, यात ७०९−४१५ = २९४, म्हणजे ७ लगेच मिळाला म्हणून खूष व्हाल, पण मग ५९३८७ उरते आणि तिच्यासाठी २४१ पर्यंत जावं लागतं, सगळ्या मिळून ५३ मूळ संख्या. आधीच सांगतो, ती फुटत नाही.